मदत हवी आहे : माटुंग्याच्या रेल्वे वसाहतीतील जुन्या खानदेशी कुटुंबांविषयी

नमस्कार. आम्ही मूळचे भुसावळचे. माझे आजोबा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत फिटर होते आणि पुढे १९१५ साली सुरू झालेल्या माटुंगा वर्कशॉपमध्ये, जिथे डबे व वाघिणींची दुरुस्ती होई, त्यांची बदली झाली. १९५१ साली जीआयपी मध्य रेल्वेत विलीन झाली तेव्हाही कुटुंब तिथल्याच क्वार्टरमध्ये राहत होते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी वसाहतीतल्या खानदेशी बायका एकत्र येऊन कानबाई (खानदेशातली लोकदेवी) बसवत, असे आजी फार जिव्हाळ्याने सांगत असे, आणि मला सर्वाधिक ओढ याच माहितीची आहे. त्या काळी तिथे राहिलेले कोणी, किंवा त्यांची मुले-नातवंडे येथे आहेत का? तसेच जुनी सेवापुस्तिका पाहण्यासाठी अर्ज नेमका कोणत्या कार्यालयाकडे करावा, हे कृपया सांगावे.