हॉलमध्ये प्रोजेक्टर: डीएलपी घ्यावा की थ्रीएलसीडी?

तापीकाठ (जळगाव)
टीव्ही गेला. दुरुस्तीवाला म्हणाला पॅनल गेलंय, आता नवीनच बघा. तेव्हापासून डोक्यात प्रोजेक्टर शिरलाय तो निघत नाही. हॉल चौदा बाय अकरा, बजेट साठ हजार, ताणून पासष्ट. दोन मॉडेलांवर येऊन अडकलोय. दोन्ही अस्सल १०८०पी (१९२० बाय १०८० पिक्सेलचं चित्र), दोन्ही लॅम्पवाले. नावं मुद्दाम देत नाही, दिली की लोक कंपन्यांवरून भांडतात.

पहिला डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवाला), उजेड ३५०० ल्युमेन, थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) दीडपासून सुरू. दुसरा थ्रीएलसीडी (तीन एलसीडी पॅनलवाला), ३४०० ल्युमेन, झूम जास्त, चार-पाच हजारांनी महाग. घरात आम्ही दोघं, आई आणि दोन पोरं. पोरांना क्रिकेट आणि गेम, आईला मालिका. माझा कल डीएलपीकडे आहे. चुकत असेन तर सांगा, पण कारणासकट. ‘मी वापरतो, एक नंबर आहे’ एवढ्यावर पासष्ट हजार निघणार नाहीत.

केळीबाग (रावेर)
डीएलपी. विषय संपला, तरी कारण मागितलंय म्हणून लिहितो. आपल्याकडची धूळ बघा. मे महिन्यात वावटळ सुटली की खिडकी बंद असूनही टीपॉयवर बोटानं नाव लिहिता येतं. थ्रीएलसीडीत हवा फिल्टरमधून आत ओढली जाते आणि पॅनलच्या आसपास खेळवली जाते. फिल्टर वेळेवर साफ केला नाही तर एखादा कण आत बसतो, आणि मग अंधाऱ्या सीनमध्ये पडद्यावर धुरकट ठिपका, कायमचा पाहुणा. डीएलपीत चिपचा भाग बहुतेक बंद असतो, कित्येक मॉडेलांना फिल्टरच नसतो. माझ्या मेव्हण्याचा डीएलपी सहा वर्षं गोदामाशेजारच्या खोलीत चाललाय. बाहेरून पुसतो, बास.

जुनापट (धुळे)
धुळीचं बरोबर आहे. बाकीचं अर्धवट.

या भावातल्या डीएलपीत एकच चिप असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये काढलेली, तिच्यावर अगदी बारीक आरसे, १०८०पीला वीस लाखांच्या वर. कल्पना भन्नाटच. पण एका चिपला लाल, हिरवा, निळा एका वेळी दाखवता येत नाही. म्हणून समोर रंगीत चकती गरगर फिरते, रंग एकामागून एक पडतात आणि ते एकत्र करण्याचं काम आपल्या डोळ्यावर सोडलेलं असतं. काहींचा डोळा ते काम नीट करत नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि नजर हलवली की कडेला लाल-हिरवे-निळे फटकारे दिसतात. मला दिसतात. अर्ध्या तासात डोकं धरतं.

दुसरं, ते ३५०० ल्युमेन. त्या चकतीत बऱ्याचदा एक पारदर्शक फाक असते, पांढरं जास्त उजळ दिसावं म्हणून. आकडा मोजतात तो पांढऱ्याचा. रंगांचा उजेड त्यापेक्षा बराच कमी भरतो. थ्रीएलसीडीत तिन्ही रंगांची वेगवेगळी पॅनलं आणि तिन्ही एकाच वेळी चालू, त्यामुळे पांढऱ्याइतकाच उजेड रंगाला. तुमच्या हॉलमध्ये क्रिकेटचं हिरवं मैदान कोणावर खुलेल ते तुम्हीच ठरवा.

केळीबाग (रावेर)
फटकारे फार थोड्यांना दिसतात. त्या थोड्यांसाठी सगळ्यांनी फिल्टर झटकत बसायचं का? आणि डीएलपीचा काळा रंग जास्त काळा असतो, ते सोयीनं विसरलात.

जुनापट (धुळे)
विसरलो नाही. चुन्याच्या पांढऱ्या भिंती आणि पांढरं छत असलेल्या हॉलमध्ये पडद्यावरचा उजेड भिंतींवर जातो आणि परत पडद्यावरच येतो. तिथं या भावातल्या दोघांचाही काळा रंग राखाडीच. छत गडद रंगवायला वहिनी तयार असतील तर कॉन्ट्रास्टवर बोलू.

तापीकाठ (जळगाव)
वहिनी तयार नाहीत.

सातपुडा_पोरगा (शहादा)
कसाले इतला इचार करी राह्यनात भाऊ? पंधरा हजारमा नऊ हजार ल्युमेनना भेटस. त्यामाच यूट्यूब शे.

जुनापट (धुळे)
भो, ते नऊ हजार कुठल्या मापाचे, ते डब्यावर शोध. आन्सी ल्युमेन (ठरलेल्या प्रमाणित पद्धतीनं मोजलेले) लिहिलेलं असेल तिथं तीनशेच्या आतबाहेर निघेल, नसेल तर समजून जा. आणि ‘१०८०पी सपोर्ट’ म्हणजे १०८०पीची फाइल चालते एवढंच. आतलं पॅनल ७२०पीचं असू शकतं. नेटिव्ह, म्हणजे पॅनलचं स्वतःचं, किती ते विचारायचं. रात्री पोरांना कार्टून दाखवायला चालेल तो, नाही कशाला म्हणू.

भुसावळ_यार्ड (भुसावळ)
सगळे रंगावर बोलताय, उन्हाचं कोणीच काढत नाही. कोणत्याही लॅम्पवाल्या प्रोजेक्टरची पुस्तिका उघडा, चालवायचं तापमान पस्तीस, फार तर चाळीस अंशांपर्यंत दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि छताजवळची हवा तर खोलीतली सगळ्यात गरम. तिथंच तुम्ही हे अडीच-तीनशे वॅटचं यंत्र उलटं टांगणार. पंखा पूर्ण वेगात घोंघावेल, नाहीतर यंत्र स्वतःच बंद पडेल. यात डीएलपी आणि थ्रीएलसीडी सारखेच.

एसी असेल तर प्रश्न नाही. कूलर असेल तर त्याचं तोंड प्रोजेक्टरकडे नको. वाळ्याची ओली हवा आणि धूळ सरळ आत जाते. माझ्याकडे तेच झालं होतं, दोष माझाच.

आणि लाइट गेली की लॅम्प एकदम विझतो, पण थंड करणारा पंखाही थांबतो. गरम लॅम्प तसाच राहिला की आयुष्य घटतं. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर लाइन घ्या.

केळीबाग (रावेर)
हे मान्य. यार्डवाल्यांचं सगळं मान्य.

चोपडेकर_ताई (चोपडा)
मी यातली जाणकार नाही, पण हिशेब येतो. दादा, तुम्ही लिहिलंय आईंना मालिका. आमच्या सासूबाई दुपारी एकपासून बसतात, रात्री दहापर्यंत अधूनमधून सहा तास सहज होतात. लॅम्प किती तासांचा?

तापीकाठ (जळगाव)
नॉर्मलला ४५००, इकोला ७५०० लिहिलंय. थ्रीएलसीडीचं सांगतोय, डीएलपीचंही साधारण तेवढंच.

चोपडेकर_ताई (चोपडा)
मग रोज सहा तास धरले तर ४५०० भागिले ६, साडेसातशे दिवस. दोन वर्षांत लॅम्प. तुम्ही फक्त रात्री दोन तास बघितलं तर हाच लॅम्प सहा वर्षं जाईल. म्हणून विचारते, टीव्हीच्या जागी प्रोजेक्टर का? दुपारी दोनला पडदे ओढून आईंना अंधारात बसवणार का? पंचावन्न इंची टीव्ही घ्या, पैसे उरतील.

जुनापट (धुळे)
आणि तासांचा तो आकडा संपेपर्यंत उजेड निम्म्यावर आलेला असतो, ते वेगळंच. मी प्रोजेक्टरवाला असून ताईंच्या बाजूचा. टीव्हीला पर्याय म्हणून प्रोजेक्टर घेणारा माणूस वर्षभरात पस्तावतो.

केळीबाग (रावेर)
बघा, आता दोघंही नको म्हणायला लागले! तापीकाठ भाऊ, ऐकू नका. शंभर इंचावर सामना बघितल्यावर पंचावन्न इंची म्हणजे मोबाइल वाटतो.

तापीकाठ (जळगाव)
ताईंचा हिशेब रात्रभर डोक्यात होता. बायकोला दाखवला, ती म्हणाली हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. सांगितलं असेल.

काल मोजमाप केलं. शंभर इंची पडद्याची रुंदी सव्वासात फूट, दीडच्या रेशोनं डीएलपीचं भिंग पडद्यापासून जवळजवळ अकरा फुटांवर. मागे यंत्र आणि केबल धरून साडेबारा. चौदा फुटांत बसतो, पण पंखा हॉलच्या बरोबर मध्ये आहे. यंत्र पात्यांच्या खाली आणलं नाही तर चित्रावर सावली भिरभिरणार. खाली आणून कीस्टोननं चौकट सरळ करावी तर चिपचे काही पिक्सेल वाया जाऊन अक्षरं मऊ पडतात. थ्रीएलसीडीला झूम जास्त असल्यामुळे मागच्या भिंतीवर, पंख्याच्या खालच्या उंचीला शेल्फ मारून भागतंय.

मग दुकानात गेलो, आईला घेऊन. मला वाटलं फटकारे दिसलेच तर तिला दिसतील. डीएलपीवर इंग्रजी सबटायटल लावली, आई आरामात बसली होती, तिला काही नाही. मान वळवली आणि मलाच दिसले. आधी वाटलं जुनापटनी डोक्यात भरवलं म्हणून असेल. दुकानदाराला काही न सांगता त्याच डीएलपीवर दुसरं काहीतरी लावायला लावलं, परत दिसले. धाकट्याला विचारलं, तो म्हणाला, ‘पप्पा, अक्षरांना इंद्रधनुष्य आहे.’

थ्रीएलसीडीचं ठरवलं. त्यावर आईसाठी वेगळा बत्तीस इंची टीव्ही तिच्या खोलीत, बजेट फाटलं, यंदा गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुढे ढकललं.

केळीबाग (रावेर)
अभिनंदन. फिल्टर दर महिन्याला, मे-जूनमध्ये दर आठवड्याला. ठिपका दिसला की मला फोन करायचा नाही.

भुसावळ_यार्ड (भुसावळ)
शेल्फला मागे आणि बाजूला एकेक वीत जागा सोडा, गरम हवा बाहेर फेकते त्या बाजूला जास्त. लाकडी पेटीत कोंबू नका, सुतार हमखास पेटी सुचवतो.

चोपडेकर_ताई (चोपडा)
आणि आईंच्या टीव्हीचा रिमोट वेगळा ठेवा. नाहीतर मालिका शंभर इंचावरच लागेल.