डाऊनीची चाचणी वेगळी घ्या
मातीतल्या जिवाणूंपासून निघालेलं एकच औषध द्राक्षाच्या भुरी आणि डाऊनी (केवडा) या दोन्ही रोगांवर चालेल का, असं विचारलं जातं. मला अवघड वाटतं. १९५० चं निस्टॅटिन काय किंवा आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचं हमायसिन काय, ही दोन्ही बुरशीनाशक औषधं मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंची देणगी. ती बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉल या स्निग्ध घटकाला धरतात आणि तिला मारतात. डाऊनी मुळात खरी बुरशीच नाही, ती अर्गोस्टेरॉल बनवतच नाही!

पण शोध सोडू नका. लेकीने निफाडच्या आमच्या बागेतली माती कॉलेजात तपासली. प्लेटभर करडी बुरशी, आणि खडूच्या ठिपक्याएवढ्या जिवाणूंच्या एका वसाहतीभोवती स्वच्छ गोल कडं, म्हणजे तिथे बुरशी वाढलीच नव्हती. मी कितीतरी वेळ बघत राहिलो. तशा वसाहती डाऊनी लागलेल्या पानांवरही वेगळ्या तपासायला हव्यात.