हिरवं पाणी आणि पहाटेचा प्राणवायू
काही जण म्हणतात की शेवाळ प्राणवायू सोडतं, मग नदी हिरवी झाली तर बिघडलं कुठे? अर्धं खरं आहे. दुपारी बंधाऱ्याच्या कडेला दगडावरचं शेवाळ नीट बघा, तंतूंना बारीक बुडबुडे लगडलेले दिसतील. तो प्राणवायूच. पण ऊन गेलं की शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, श्वास मात्र रात्रभर घेतच राहतं. म्हणून पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, आणि तेव्हाच मासे तोंडं वर काढून आचके देताना दिसतात. मासे टिकायला लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम तरी प्राणवायू लागतो. ३० अंशांच्या पाण्यात मुळात मावतोच साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात आधीच हात आखडता.

खरा घात शेवाळ मरतं तेव्हा होतो. ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवतात. बरगे (बंधाऱ्याच्या दारांत बसवायच्या फळ्या) घालून अडवलेलं संथ पाणी आणि त्यात सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस, याने शेवाळ फोफावतं. त्यामुळे दुपारी बारा वाजता नमुना घेऊन ‘प्राणवायू भरपूर’ म्हणणाऱ्या अहवालावर माझा विश्वास नाही. नमुना सूर्योदयाआधी घ्या.