बंटीच्या कॉलेजातले तीन पंच

बंटी: [फोटो] आज ऊन पडलंय!

मोठी आत्या: हे चर्च का रे? भिंतीवर केवढा येशू!

बंटी: नाही गं, लायब्ररी आहे आमची. हेसबर्ग लायब्ररी, नोटर डेम युनिव्हर्सिटी. त्या चित्राला इथे सगळे 'टचडाउन जीझस' म्हणतात.

मोठी आत्या: देवाची अशी थट्टा बरी नव्हे.

बंटी: अगं ऐक तर. समोरच फुटबॉलचं स्टेडियम आहे, १९३० चं. अमेरिकन फुटबॉल हं, बॉल काखेत मारून पळतात तो. लायब्ररी झाली १९६३ ला आणि पुढच्याच वर्षी हे चित्र लागलं. मिलर्ड शीट्स नावाच्या कलाकाराचं. त्याने नाव दिलं होतं 'वर्ड ऑफ लाइफ'. वर येशू, खाली संत आणि विद्वान. पण स्टेडियममधून बघितलं की गोलपोस्टच्या वर तो दोन्ही हात उंचावून उभा दिसतो. आणि टचडाउन झाला, म्हणजे बॉल घेऊन समोरच्या टोकाची रेषा पार केली, की रेफरी अगदी तसेच हात वर करतो.

नानाकाका: म्हणजे सिक्सर.

बंटी: काका 😂 टचडाउनचे पॉइंटही सहाच!

नानाकाका: उगाच नाही इतकी वर्षं क्लबच्या मॅचला पंच म्हणून उन्हात उभा राहिलो.

शमा वहिनी: पावसात रंग जात नाही का?

बंटी: रंग नाहीच तो वहिनी, दगड आहेत. १६ देशांतले ८१ प्रकारचे. उंची १३४ फूट!

माई: आपला विठोबा बरा. हात कमरेवर, कोणी काही अर्थ काढायला नको.

नानाकाका: कॅच सुटल्यावर कॅप्टन असाच उभा राहतो.

माई: नाना!!

बंटी: अजून दोघं आहेत. लायब्ररीच्या बाजूलाच बायबलमधल्या मोझेसचा ब्राँझचा पुतळा, पायाखाली लोक पूजायला लागले होते ते सोन्याचं वासरू, एक बोट आकाशाकडे. म्हणजे देव एकच. पोरं म्हणतात 'नंबर वन मोझेस', आम्हीच पहिले!

नानाकाका: बोट वर? आउट.

बंटी: आणि फादर कॉर्बी. १८६३ ला, अमेरिकेच्या यादवी युद्धात, गेटिसबर्गच्या लढाईत आयरिश ब्रिगेड ही सैन्याची तुकडी मैदानात उतरायच्या आधी यांनी हात वर करून सैनिकांना पापमुक्त केलं. पुतळा त्याच पोझमध्ये. इथल्या खेळात 'मी नुसता झेलणार, पळणार नाही, अंगावर येऊ नका' हे सांगायला एक हात वर करतात. त्याला फेअर कॅच म्हणतात. म्हणून हे 'फेअर कॅच कॉर्बी'.

नानाकाका: एकच हात, पंजा उघडा? बाय दिलाय त्यांनी.

मोठी आत्या: बिचारे. लढाईतला आशीर्वाद तो, आणि तुम्ही बाय मोजताय.

शमा वहिनी: मग मॅच बघताना येशू दिसतो का रे अजून?

बंटी: पूर्वीसारखा नाही. १९९७ ला स्टेडियम वाढवलं, वर नव्या रांगा बांधल्या, त्यात बराचसा झाकला गेला. नाव काही सुटलं नाही.

माई: बरं, लायब्ररीच्या आत गेलास का कधी?

बंटी: हा मेसेज डिलीट केला गेला आहे

नानाकाका: ☝️