गन शोमधली खरेदी: पैसे कुठे वाचले, कुठे गेले? तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत मला सोळा वर्षं झाली, त्यातली नऊ ओक्लाहोमात. ग्रीन कार्ड झाल्यावर एका शेजाऱ्याबरोबर रेंजवर गेलो आणि तेव्हापासून नेमबाजीचा नाद लागला तो लागलाच. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हा छंद आहे, पण मराठीत कुणी त्याबद्दल लिहीत नाही, त्यामुळे प्रत्येक जण तीच ठेच नव्याने खातो. म्हणून हा धागा. बंदुका असाव्यात की नसाव्यात हा वाद कृपया इथे नको. काय घेतलं, कितीला घेतलं, कुठे चुकलं, एवढंच लिहा, पण सविस्तर लिहा.

सुरुवात मी करतो. इथल्या टल्सा शहराचा वानेनमाकर गन शो, म्हणजे बंदुकांचं विक्री-प्रदर्शन, एप्रिलमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये भरतो. एका छताखाली ११ एकर जागा आणि ४,००० च्या वर टेबलं. पहिल्या वर्षी आत शिरलो आणि दुसऱ्याच ओळीत एक जुनी पॉइंट टू-टू (बारीक गोळीची) रायफल घेऊन टाकली. दुपारी पलीकडच्या टोकाला तीच रायफल दिसली, जास्त स्वच्छ आणि ७० डॉलरने स्वस्त. ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. आता पहिली पूर्ण फेरी पाकीट न काढता मारायची. खिशात छोटी वही, त्यात ओळीचा नंबर, वस्तू आणि भाव. ऑनलाइन लिलावात ती वस्तू प्रत्यक्ष कितीला विकली गेली ते आदल्या रात्री घरी बघून ठेवायचं. विक्रेत्याने मागितलेला आकडा नाही, गिऱ्हाइकाने मोजलेला आकडा. हे घरीच करायचं, कारण त्या हॉलमध्ये हजारो माणसं असतात आणि फोनला रेंज मिळता मिळत नाही.

माल हवा असेल तर शनिवारी सकाळी जा, भाव हवा असेल तर रविवारी दुपारी. रविवारी दोननंतर काडतुसांचे जड डबे पुन्हा ट्रकमध्ये चढवायचे विक्रेत्याच्या जिवावर आलेलं असतं. तेव्हा "रोख दिले तर कितीला द्याल?" एवढं विचारून गप्प राहायचं. पुढचा आकडा त्याला सांगू द्यायचा.

तुमचं लिहा.

ऑस्टिनची मी

धागा काढलात त्याबद्दल मनापासून आभार. बायकांना येणारा एक अनुभव लिहिते.

पिस्तूल मला घ्यायचं होतं, नवरा सोबतीला आला होता. तीन टेबलांवर विक्रेते त्याच्याशीच बोलले. चौथ्याने माझ्याकडे बघितलं आणि तळहातात मावेल असं एक गुलाबी मुठीचं पिस्तूल पुढे केलं, "खास बायकांसाठी" म्हणून. मी ते घेतलं. रेंजवर तीन गोळ्यांनंतर अंगठ्याच्या बेचक्यात कळ यायला लागली. पिस्तूल जितकं हलकं तितका धक्का जास्त, हे साधं गणित आहे, पण ते मला टेबलाशी कुणी सांगितलं नाही. वर्षभराने निम्म्या किमतीत विकलं.

आता जे घ्यायचं ते आधी रेंजवर भाड्याने घेऊन शंभर गोळ्या झाडून बघते. मग शोमध्ये जाऊन फक्त त्याच मॉडेलचा भाव विचारते. विक्रेता दुसरं काही दाखवायला लागला की "नको, धन्यवाद" म्हणून पुढच्या टेबलावर.

आणि बंदूक ठेवायला तिजोरी घेणार असाल तर रंग आणि चाक बघू नका, पत्र्याची जाडी विचारा. इथे गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १४ गेजच्या पत्र्याला पहारीने वाकवता येतं. १० गेजवाली जड असते, महाग असते, आणि घरात मुलं असतील तर तीच घ्या. माझ्या दोन्ही मुली लहान आहेत. तिथे मी एक डॉलरही वाचवला नाही आणि वाचवणारही नाही.

वाट पाहणारा

मी एच-वन-बीवर आहे. माझ्यासारख्यांसाठी लिहितो, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

शोमध्ये एक रायफल आवडली, भावही जमला. विक्रेत्या बाईंनी बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म, ४४७३, पुढे केला. त्यात विचारलंय की तुम्ही नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर आहात का. हो म्हटलं तर खरेदी होत नाही. अपवाद आहे, उदाहरणार्थ एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना तुमच्याकडे असेल तर. माझ्याकडे नव्हता. बरोबर आलेला मित्र, ग्रीन कार्डवाला, म्हणाला, "आण इकडे, माझ्या नावावर घेतो, तू मला पैसे दे." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण टेबलापलीकडच्या बाईंनी ते ऐकलं, फॉर्म परत घेतला आणि आम्हा दोघांना शांतपणे समजावलं की दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी बंदूक घेऊन फॉर्मवर स्वतःला खरेदीदार लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे. २०२२ च्या कायद्यानंतर त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. माझा व्हिसा आणि त्याचं ग्रीन कार्ड, दोन्ही त्या दुपारी गेलं असतं.

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. नंतर हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, शिकार परवाना काढला आणि पुढच्या वर्षी त्यांच्याकडूनच रायफल घेतली. "बिनकागदाची मिळते, त्या कोपऱ्यातल्या माणसाकडे जा" असंही कुणीतरी सांगेल. खाजगी विक्रीत काही राज्यांत बॅकग्राउंड चेक लागत नाही हे खरं, पण आपल्या व्हिसाचा नियम तिथेही तोच असतो.

सातारी

मी काडतुसांबद्दल लिहितो. जास्त पैसा जातो तो तिथेच.

डब्याचा भाव बघायचा नाही, एका गोळीचा काढायचा. ५० चं खोकं १४ डॉलरला म्हणजे एक गोळी २८ सेंटला. शेजारी १,००० चा डबा २५० ला असेल तर २५ सेंटला. मोठ्या अक्षरातल्या 'शो स्पेशल' पाटीखाली कित्येकदा साधा दुकानातलाच भाव असतो, वर प्रवेश फी आणि पार्किंग. २०१३ मध्ये पॉइंट टू-टूची टंचाई होती तेव्हा ५०० गोळ्यांचा गठ्ठा (इथे त्याला 'वीट' म्हणतात) लोक दुपटीतिपटीने घेत होते. २०२१ च्या सुरुवातीला पिस्तुलाच्या नाइन एमएम काडतुसांचं तेच झालं. मी दोन्ही वेळा घाबरून घेतलं आणि दोन्ही वेळा पुढे भाव खाली आला.

लोहचुंबक बरोबर ठेवा. एकदा स्टीलच्या पुंगळीची हजार काडतुसं फार स्वस्त मिळाली म्हणून आणली. आमच्या इनडोअर रेंजवर काउंटरवरच्या मुलाने चुंबक लावला, पुंगळीच काय, पुढच्या गोळीलाही चिकटला, सगळा डबा परत गाडीत. गोळीवर वरून तांबं दिसतं, त्याखाली पोलादाचा पातळ थर असतो, आणि असा माल बऱ्याच रेंजवर चालत नाही. आपल्या रेंजचा नियम आधी विचारा.

आणि प्लास्टिकच्या पिशवीत, चिठ्ठी नसलेली, कुणीतरी घरी भरलेली काडतुसं कितीही स्वस्त असोत, हात लावू नका. आत दारू किती भरली हे भरणाऱ्यालाच ठाऊक.

पिट्सबर्गकर

माझा अनुभव माझ्या वडिलांचा आहे.

बाबा १९६४ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यावर ते आमच्याकडे आले, ग्रीन कार्ड झालं, पण त्यांचं मन इथे लागत नव्हतं. मला जुन्या लष्करी रायफली जमवायची आवड. क्युरिओ अँड रेलिकचा परवाना मी काढलेला आहे (तीन वर्षांचे ३० डॉलर, ५० वर्षांहून जुन्या बंदुका जमवणाऱ्याला फार उपयोगी). एका शनिवारी बाबांना म्हटलं, चला.

दारात माझ्या जुन्या रायफलीच्या बोल्टमधून (काडतूस आत सारणारा दांडा), ती झाडता येऊ नये म्हणून, प्लास्टिकची पट्टी ओवली ते बाबांना फार आवडलं. "बरोबर आहे. अशीच शिस्त पाहिजे." आत दोन ओळी ते काहीच बोलले नाहीत. मग एका टेबलाशी थांबले. चिठ्ठी होती: एनफिल्ड, पॉइंट थ्री-ओ-थ्री, भारतीय, ४२५ डॉलर. मला भाव बरा वाटला, मी पाकिटाला हात घातला. बाबांनी माझं मनगट धरलं.

विक्रेत्याला खुणेने विचारून त्यांनी रायफल उचलली. नळी वर छताकडे. बोल्ट मागे ओढला, करंगळी आत घालून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं असल्याची खात्री केली. मग डाव्या अंगठ्याचं नख चेंबरच्या तोंडाशी तिरकं धरलं आणि पुढून नळीत बघितलं. नखावर पडलेला उजेड नळीतून पुढे येतो. टॉर्च नको, काही नको. बेळगावला उस्तादांनी शिकवलेलं.

"यात आटे नाहीत. गुळगुळीत आहे," बाबा म्हणाले. (आटे म्हणजे रायफलीच्या नळीतल्या पिळाच्या खाचा.) मग मॅगझीनच्या जागी बोट घातलं, तिथे लाकडाचा ठोकळा होता. "ही पोलिसांची मस्केट. एका वेळी एकच गोळी." बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात जुन्या थ्री-ओ-थ्री अशा पॉइंट फोर-टेन मस्केटमध्ये बदलल्या जात हे मी वाचलं होतं, पण समोर असून ओळखलं नव्हतं. मी विक्रेत्याला भाषांतर करून सांगितलं. तो म्हातारा स्वतः उठला, नळीत बघितलं, खिशातून पेन काढलं आणि चिठ्ठीवरचा थ्री-ओ-थ्री खोडला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

मग त्यानेच टेबलाखालून दुसरी काढली. इशापूरची टू-ए-वन. चीनच्या युद्धानंतर ७.६२ च्या काडतुसासाठी बनवलेली, चौकोनी मॅगझीनची, नेम धरायच्या मागच्या पट्टीवर ८०० मीटरपर्यंतचे आकडे. बोल्टचा नंबर आणि रिसिव्हरचा (बंदुकीच्या मुख्य सांगाड्याचा) नंबर बाबांनी मोठ्याने वाचून जुळवला. हे प्रत्येकाने करा. नंबर वेगळे असतील तर हेडस्पेस (बोल्ट आणि काडतूस यांच्यातली फट) तपासल्याशिवाय गोळी झाडायची नाही, आणि किंमतही तितकी द्यायची नाही. 'डीपी' असा शिक्का आहे का तेही बघा. ती कवायतीची रायफल, गोळी झाडायची नव्हेच. बाबांनी लाकडाला चीर आहे का हे बोटाने चाचपलं, दस्त्याच्या मुळाशी दोनदा. मग बाजूचा आर. एफ. आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) आणि अशोकस्तंभाचा शिक्का अंगठ्याने पुसला आणि बराच वेळ तसाच अंगठा ठेवून उभे राहिले.

४७५ सांगितले होते. ४१० ला मिळाली. म्हाताऱ्याने बाबांशी हात मिळवला आणि मला म्हणाला, दर वेळी यांना घेऊन ये.

रानवाटा

पिट्सबर्गकर, वाचता वाचता दोनदा थांबले. काकांना नमस्कार सांगा.

माझं थोडक्यात. जुनी दुनळी शॉटगन, नळीवर वेलबुट्टीसारखी सुंदर नक्षी, १८० डॉलर. दमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून बनवलेली, काळ्या दारूच्या काळातली. आजची काडतुसं तिच्यात घातली तर नळी फुटून हात जाऊ शकतो. विक्रेत्याने "अजून छान चालते" म्हणून सांगितलं होतं. रेंजवरच्या एका जाणत्या गृहस्थांनी वेळेवर अडवलं. आता ती भिंतीवर आहे. तुम्हाला भिंतीसाठी हवी असेल तर जरूर घ्या, पण भिंतीच्या भावाने घ्या.

खडकीवाला

माझे आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बत्तीस वर्षं होते. कारखाना १८६९ चा. सकाळचा भोंगा झाला की आजी चुलीवर दुसरा चहा ठेवायची.

दोन वर्षांपूर्वी ओहायोच्या एका छोट्या शोमध्ये सुटी काडतुसं विकणारा एक संग्राहक होता. खणाखणांच्या लाकडी पेटीत थ्री-ओ-थ्री वेगळी ठेवलेली. एक उचलून बूड बघितलं: के, एफ आणि ४३. के एफ म्हणजे किरकी फॅक्टरी, म्हणजे आपली खडकी. १९४३. आजोबा तेव्हा एकवीस वर्षांचे, नुकतेच लागलेले.

त्याने एकाचे तीन डॉलर सांगितले. मी पाच घेतली. घासाघीस केली नाही, ते शब्द तोंडातून फुटलेच नसते.

ज्यांना अशी जुनी काडतुसं झाडायची आहेत त्यांच्यासाठी: त्या काळातल्या काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीतला मसाला नळीत क्षार सोडतो, तेलाने तो जात नाही. त्याच दिवशी गरम पाणी ओतून नळी धुवा, पुसा, मग तेल. नाही तर आठवड्यात आतून गंज. हेच कारण आहे की शोमध्ये जुन्या रायफलीच्या नळीत खड्डे दिसतात, आणि खड्डे दिसले की भाव पाडायला तुम्हाला हक्काचं कारण मिळतं.

आणखी एक, अगदी कळकळीने. रेंजची पिशवी भारतात जाताना कधीही वापरू नका. कप्प्यात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तरी १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवला जातो. मला ती पाचातली एक आईला दाखवायला न्यायची फार इच्छा होती. फोटो नेला.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, काल रात्री झोपायला दोन वाजले.

सातारी, एप्रिलच्या शोमध्ये पिस्तूल घेता येईल का, हा तुमचा व्यक्तिगत निरोप मिळाला. तुम्ही टेक्सासचे रहिवासी, त्यामुळे पिस्तूल आवडलं तर ते टल्सात थेट हातात मिळणार नाही, तुमच्या गावातल्या परवानाधारक दुकानदाराकडे पाठवावं लागेल आणि तो कागदपत्रांचे पैसे घेईल. ते किती ते आधी विचारून वहीत लिहा, म्हणजे हिशोबात धरता येईल. रायफल परवानाधारकाकडून घेतली, आणि दोन्ही राज्यांत ती चालत असेल, तर तिथेच मिळते.

एप्रिलच्या शोच्या शनिवारी दार उघडताना भेटू. चुंबक तुम्ही आणा, नळीत बघायचा छोटा दिवा माझ्याकडे आहे.