लेन, पेडरसन आणि जांभळं टोल्युइन

क्राउन ईथर, म्हणजे धातूचा आयन मधे धरणारे कड्यासारखे रेणू, रसायनशास्त्रज्ञ ज्याँ-मारी लेन यांनी शोधले असं काही जण सांगतात. पण तो शोध चार्ल्स पेडरसन यांचा, १९६७ साली प्रसिद्ध झालेला. लेन यांनी १९६९ मध्ये कड्याऐवजी तीन साखळ्यांचा पिंजरा बांधला, म्हणजे क्रिप्टँड. पोटॅशियम आयन चहूबाजूंनी वेढला गेल्याने पकड हजारो पटींनी वाढली. १९८७ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना डोनाल्ड क्रॅम यांच्यासोबत मिळालं.

पण असे रेणू बनवताना खरी कारागिरी कडं बंद करण्यात आहे. डायअमाइन आणि डायॲसिड क्लोराइड, म्हणजे दोन्ही टोकांनी जुळणारे दोन कच्चे रेणू, भरपूर द्रावकात, एकाच वेळी, थेंबथेंब सोडावं लागतं. घाई केली की रेणूचं टोक स्वतःच्या दुसऱ्या टोकाऐवजी शेजाऱ्याला जुळतं आणि हाती पॉलिमर, म्हणजे लांबच लांब साखळी, येतो.

नाशिकच्या कॉलेजात हे करण्यापेक्षा प्रात्यक्षिक दाखवा: १० मिली कोरड्या टोल्युइनमध्ये १६ मिग्रॅ बारीक पोटॅशियम परमँगनेट टाका, रंग चढत नाही. २६ मिग्रॅ १८-क्राउन-६ (एक क्राउन ईथर) घालून हलवा; तो पोटॅशियमला धरून परमँगनेटला टोल्युइनमध्ये विरघळवतो आणि टोल्युइन जांभळं होतं. लगेच दाखवा, कारण टोल्युइनचंच ऑक्सिडीकरण होऊन ते तपकिरी पडत जातं. क्राउन ओलावा ओढतो, तेव्हा इथल्या पावसाळ्यात त्याची बाटली डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यातच ठेवा. हा क्राउन विषारी आहे, हातमोजे हवेतच.