मदत हवी आहे: सौरज्वालेत कोरोनातले इलेक्ट्रॉन खालचे थर कसे तापवतात?

नमस्कार मंडळी. सोलापुरात दहावीला विज्ञान शिकवते. शाळेच्या विज्ञान मंडळात इस्रोच्या सूर्यनिरीक्षक यानावर, आदित्य-एल१ वर बोलायचं आहे, पण एका ठिकाणी घोडं अडलंय.

समजलंय ते असं: कोरोनात, म्हणजे सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणात, चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळतात, साठलेली ऊर्जा मोकळी होते आणि इलेक्ट्रॉन सुसाट सुटतात. २० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन म्हणजे प्रकाशाच्या पाव वेगाहून जास्त! कोरोना इतका विरळ, की वाटेत त्यांना फारसं कुणी अडवत नाही. त्याखालचा थर, क्रोमोस्फिअर, मात्र दाट. तिथे धडका बसतात, ऊर्जा तिथेच जिरते आणि चुंबकीय कमानीच्या दोन्ही पायथ्यांशी हार्ड (जास्त ऊर्जेच्या) एक्स-रेचे ठिपके उजळतात. एक्स-रेत जाते ती ऊर्जा मात्र अगदी नगण्य, लाखातला एखादा भाग. बाकी जवळजवळ सगळी तापवण्यात खर्ची पडते. दहा हजार अंशांच्या आसपासचा वायू कोटीभर अंशांवर जातो आणि फुगून कमानीत वर चढतो.

इथवर ठीक. पण १ सप्टेंबर १८५९ ला खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने ज्वाला पाहिली ती साध्या पांढऱ्या प्रकाशात. तो प्रकाश तर आणखी खालच्या फोटोस्फिअरचा, म्हणजे सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागाचा ना? हे इलेक्ट्रॉन तिथवर पोचायच्या आधीच थांबतात. मग तो थर कोण तापवतं? मुलं हे विचारणारच. आणि वर्गात दाखवता येईल असं काही आहे का?

प्रतिसाद:
ताई, प्रश्न नेमका आहे. शास्त्रज्ञांचं यावर अजून एकमत नाही, मुलांना तसंच सांगा. तापलेल्या क्रोमोस्फिअरचं प्रारण खाली झिरपत असेल, खोल घुसणारे प्रोटॉन असतील, किंवा चुंबकीय रेषांवरून उतरणाऱ्या आल्फ्वेन लहरी. शिवाय सगळा पांढरा प्रकाश फोटोस्फिअरचाच असेल असं नाही. क्रोमोस्फिअरमधले हायड्रोजनचे आयन पुन्हा इलेक्ट्रॉन पकडतात, तेव्हाही तो निघतो.

दाखवायला न्यूपर्ट परिणाम घ्या, १९६८ चा. इस्रोच्या ‘प्रदान’ नावाच्या संकेतस्थळावर आदित्यची माहिती मिळते. एकाच ज्वालेचे, आदित्यवरच्या हेलिओस उपकरणाचे हार्ड आणि सोलेक्स उपकरणाचे सॉफ्ट (कमी ऊर्जेचे, तापलेल्या वायूतून येणारे) एक्स-रे आलेख एकाखाली एक काढा. सॉफ्टचा चढ जिथे सर्वांत तीव्र, साधारण तिथेच हार्डचं शिखर येतं; हाच न्यूपर्ट परिणाम. इलेक्ट्रॉन आदळतायत तोवर वायू तापत जातो, हे मुलांना स्वतः मोजता येईल. फक्त एकटी, सुटी ज्वाला निवडा. पाठोपाठ दोन आल्या की आलेख एकमेकांत गुंततात.